एकोणचाळीस जोड

बोईसर
६ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझे कान गेल्यापासून फोनचा काही उपयोग राहिला नाही, आणि ही गोष्ट शेजारच्या बायकांनी तुझ्या कानाशी ओरडून सांगावी अशी नाही. म्हणून लिहिते आहे. एकटी असशील तेव्हा वाच.

परवा दुकानात एक म्हातारा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, उजवा हात खिशात. म्हणाला, "गाड्यांचं वायरिंग करणारी मुलगी तूच ना? माझ्याकडे जरा वेगळं काम आहे." त्यानं स्वतःच्या हातानं गाडी बांधली आहे म्हणे. मला हसू आलं, पण बघायला गेले.

वाणगावला चिकूची मोठी वाडी आहे त्याची. वाडीत पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये खरंच गाडी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर बाहेरून मागवलेली फायबरची लाल बॉडी, दोनच सीट, छत नाही. इंजिन एका भंगारातल्या गाडीचं, तेही सीटच्या मागे. चार वर्षं खपतोय. आता वायरिंग राहिलंय आणि सगळ्या नळ्या राहिल्यात: ब्रेकच्या, पेट्रोलच्या, पाण्याच्या. ते बारीक काम. खिशातला हात बाहेर काढला तेव्हा कळलं, तो सारखा थरथरतो. रस्त्यावर आणायला या गाडीला परवानगी मिळणार नाही, पण वाडीत त्यानं खास रस्ता केलाय. शेडपासून सरळ, मग लांब उतार, आणि उताराच्या टोकाला दगडी विहीर. तिथं वळण. १५ डिसेंबरला कंपनीतले जुने साहेब लोक जेवायला बोलावलेत, त्यांच्यासमोर चालवणार.

मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात भिंतीवरचं मानपत्र दिसलं. तारापूरच्या कंपनीनं निवृत्तीला दिलेलं. नाव वाचलं आणि आत्या, पुन्हा एकदा वाचलं.

कृष्णकांत चुरी. मेंटेनन्स मॅनेजर.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण हात थांबत नाही. "फिटर प्रताप मेहेर यांनी मद्याच्या अमलाखाली असल्याने जोडाचे बोल्ट पूर्ण आवळले नव्हते." त्याच्या सहीच्या अपघात अहवालातलं हे वाक्य मला पंधराव्या वर्षापासून पाठ आहे. माझ्या बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. तो पाइप फुटला, उकळतं रसायन त्यांच्या अंगावर पडलं, आणि या माणसानं ते त्यांच्याच माथी मारलं. शाळेत मला दारुड्याची पोर म्हणायचे, ते या एका ओळीमुळे.

त्यानं मला ओळखलं नाही. कसा ओळखणार? त्यानं मला कधी पाहिलंच नव्हतं. नाव विचारलं. मी म्हटलं, "दिशा." "आडनाव?" "दुकानाला पण सगळे दिशाच म्हणतात, साहेब." तो हसला.

नाही म्हणून कळवू का? तिथं उभी राहिले तरी माझ्या हातातला पाना वळवळतो.

तुझी
दिशा

*

दातिवरे
११ नोव्हेंबर

पोरी दिशा,

पत्र दोनदा वाचलं. मग बोंबील उन्हात टाकायला गेले ते तिथंच बसले. कावळ्यांनी अर्धे नेले तरी उठले नाय.

नाही म्हणू नको. मी सांगते, काम घे.

नऊ वर्सं झाली. तुला माझ्याकडे आणलं तेव्हा तू महिनाभर बोलली नव्हतीस. आमचा प्रताप होडी सोडून कंपनीत गेला तेव्हा सगळ्या आळीत पेढे वाटले होते मी. आणि त्याला आणला तो कसा? तोंड दाखवायची सोय नव्हती. मी त्याची मोठी बहीण, मला पायाच्या बोटांवरून ओळखायला लागला. तो माणूस मात्र मानपत्र घेऊन घरी बसलाय, चिकू खातोय, खेळण्यातली गाडी बांधतोय.

आता त्याला उतारावरून खाली जायचंय आणि ब्रेकची नळी तुझ्या हातात हाय. यापरीस जास्त मी लिहीत नाय. तू हुशार हायस.

त्यानं लिवलं होतं ना, मेहेरनं बोल्ट आवळला नाय? मग नको आवळूस.

हे पत्र चुलीत घाल.

आत्या

*

बोईसर
२४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र आल्यापासून रोज वाणगावला जाते. काम अर्ध्याच्या वर झालं.

तुला सांगते, काम सुंदर आहे, आणि याचाच मला जास्त राग येतो. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे पाण्याच्या दोन नळ्या गाडीच्या पोटाखालून अख्ख्या लांबीभर न्याव्या लागल्या. पेट्रोलची नळी दुसऱ्या बाजूनं, गरम भागापासून लांब. वायरी मी एकेका रंगाच्या लावून, टेप गुंडाळून, आतल्या कडेनं अशा बसवल्यात की कुठं घासणार नाहीत. फ्यूजच्या डब्यावर मराठीत नावं लिहिली: दिवे, भोंगा, पंखा, पंप. म्हातारा खुर्ची टाकून बसतो आणि बघतो. "अशी सफाई मी आमच्या कंपनीतसुद्धा पाहिली नाही," म्हणाला काल. मी विचारलं, "तुमच्याकडे चांगले फिटर नव्हते का, साहेब?" "होता एक," म्हणाला, आणि चहा आणायच्या निमित्तानं उठून गेला.

होता एक! आत्या, मला त्याच्या डोक्यात पाना घालावासा वाटला.

ब्रेकच्या नळ्या या आठवड्यात केल्या. नळी कापायची, आतली कड घासून साफ करायची, नट आधी सरकवायचा आणि मगच टोक फुलवायचं. नट विसरलं तर सगळं परत. हे मला बाबांनी शिकवलं होतं, स्टोव्हच्या नळीवर, मी सातवीत असताना. टोक नीट फुललं नाही तर नट कितीही आवळा, तेल झिरपणार. आणि टोक नीट असलं पण नट अर्धा आटा, म्हणजे अर्धा वळसा, सैल राहिला, तर चार-पाचदा ब्रेक लागतो. मग हवा शिरते आणि पाय थेट तळाला जातो. बघणाऱ्याला बाहेरून काही दिसत नाही.

मागच्या डाव्या चाकाचा नट मी आज अर्धा आटा सैल ठेवून आले.

तुझं पत्र जाळलं. हेही जाळ.

दिशा

*

दातिवरे
३० नोव्हेंबर

दिशा,

तो नट आवळ. हे पत्र मिळेल त्या मिनिटाला जा आणि आवळ. मी तुझ्या पाया पडते.

तुला वाटेल म्हातारी भ्याली. भ्यालेच. तुझं पत्र आलं आणि मला रात्रंदिवस ती विहीर दिसते. पण भीती ही एकच गोष्ट नाय. तुला एक सांगायचं हाय, ते मी नऊ वर्सं पोटात ठेवलंय.

प्रताप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कृष्णकांत आपल्या घरी आला होता. तुला तेव्हा शेजारी ठेवलं होतं. त्याच्याकडे एक कागद होता. प्रताप आदल्या दिवशी दारू प्याला होता आणि तसाच कामावर गेला, असं त्यात लिवलं होतं, घरच्या माणसाच्या नावानं. मी म्हटलं, हे खोटं हाय. तो म्हणाला, "बाई, चौकशी लांबली तर प्रेत आठ दिवस मिळणार नाही. मे महिना आहे. सही करा, संध्याकाळपर्यंत भाऊ घरी येईल."

मी सातवी शिकलेली. मला वाचता येत होतं. मी पूर्ण वाचलं आणि सही केली.

संध्याकाळी नाय आणला. दोन दिवसांनी आणला.

त्याचा अहवाल माझ्या सहीवर उभा हाय, दिशा. शाळेतून रडत यायचीस तेव्हा मी तुला पोटाशी घ्यायचे आणि त्याला शिव्या घालायचे. मी तुला काम घे म्हटलं, ते प्रतापसाठी म्हटलं असं मलाच वाटत होतं. पण खरं सांगते, तो मेला तर ही गोष्ट जाणणारं कुणी उरणार नाय, हेपण माझ्या मनात होतं. माझी लाज झाकायला मी तुला खुनी करायला निघाले होते.

मला काय शिक्षा द्यायची ती दे. पण नट आवळ.

आत्या

*

दातिवरे
११ डिसेंबर

दिशा,

तुझं उत्तर नाय. रोज पोस्टमनची वाट बघते. काल मला राहवलं नाय. मी त्या कृष्णकांतला कार्ड टाकलंय. पत्ता तुझ्या पत्रात नव्हता, मी नुसतं नाव आणि चिकूची वाडी, वाणगाव असं लिवलंय. पोचेल. "गाडीत बसू नका. मागच्या डाव्या चाकाचा नट सैल हाय. प्रताप मेहेरची बहीण." एवढंच.

तुला पकडून दिलं असं वाटेल. वाटू दे. तुझ्या हातावर त्याचं रक्त नको.

आत्या

*

बोईसर
१७ डिसेंबर २०२४

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मिळालं तेव्हा उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आजही तुझ्यासाठी लिहीत नाहीये. घडलं ते कुठंतरी नोंदलं जावं म्हणून लिहिते.

आधी नटाचं. तो मी तुझ्या सांगण्यावरून आवळला नाही. २४ तारखेला तुला लिहिलेलं पत्र पेटीत टाकलं आणि रिक्षा करून तशीच परत वाणगावला गेले. म्हाताऱ्याला म्हटलं, पाना विसरला. गाडीखाली शिरले आणि नट आवळला. दया आली म्हणून नाही. पत्र पेटीत टाकतानाच माझ्या लक्षात आलं होतं की मेहेरनं जोड सैल सोडला, हे त्यानं लिहिलेलं खोटं मी माझ्या हातानं खरं करायला निघाले होते. त्यानंतर मी प्रत्येक जोड दोनदा तपासला. ब्रेकचे, पेट्रोलचे, पाण्याचे मिळून एकोणचाळीस.

शनिवारी शेवटची तपासणी करायला गेले तर म्हातारा शेडच्या दारात उभा. हातात तुझं कार्ड.

"तू कोण?" म्हणाला.

"प्रताप मेहेरची मुलगी."

तो खाली बसला. कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग विचारलं, "नट?"

मी त्याच्या पुढ्यात पाना टाकला. "तपासा."

सत्तरीचा माणूस चटईवर आडवा झाला आणि गाडीखाली शिरला. नट जागचा हलला नाही. बाहेर आला, माझ्याकडे बघितलं. "मग दुसरा कुठला?"

"एकोणचाळीस आहेत, साहेब. सगळे बघा."

त्यानं सगळे बघितले, आत्या. सकाळी दहाला सुरू केलं ते चार वाजेपर्यंत. दर चार जोडांनी बाहेर येऊन धापा टाकायचा आणि पुन्हा शिरायचा. मी त्याच्याच खुर्चीवर बसून बघत होते. माझ्याजवळ डबा होता, तो खाल्ला. एकही जोड सैल निघाला नाही. मग फ्यूज बघितले, वायरी ओढून बघितल्या. शेवटी म्हणाला, "सगळं ठीक दिसतंय." मी म्हटलं, "मग चालवा." तो म्हणाला, "उद्या."

रविवारी पाहुणे आले. जुने साहेब, त्यांच्या बायका, दहा-बारा माणसं. मला बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. त्यानं चावी फिरवली, इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. दिवे लागले, भोंगा वाजला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो सीटवर बसला होता, पाय ब्रेकवर. समोर सरळ रस्ता आणि पुढं उतार. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्याचा पाय ब्रेकवरून उठेना. मग त्यानं इंजिन बंद केलं, उतरला आणि म्हणाला, "बॅटरीत काहीतरी गडबड आहे."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बॅटरी नवी आहे. साहेबांना मेहेरच्या जोडांचा भरवसा नाही."

ते नाव तिथल्या चार-पाच जणांना तरी माहीत होतं. एकजण खाली बघायला लागला. एका बाईनं नवऱ्याला विचारलं, "कोण मेहेर?" नवऱ्यानं तिला गप्प केलं.

म्हातारा मला आत घेऊन गेला. "तुला काय पाहिजे?"

"गाडी चालवायची आहे ना तुम्हाला? मी शेजारी बसते. माझेच जोड, माझाच जीव. मग तर भरवसा वाटेल? पण आधी लिहून द्या. त्या दिवशी काय झालं ते."

पाहुणे बाहेर थांबले होते, आणि त्याला वाटलं मी नमले. टेबलाशी बसला आणि लिहिलं. हात थरथरत असल्यानं दोन कागद फुकट गेले, तिसऱ्यावर जमलं. त्याच्याच शब्दांत: जोडातली गॅस्केट म्हणजे मधली चकती जुनी होती. प्रताप मेहेर यांनी ती बदलायला सांगितली होती. प्लांट बंद ठेवायचा नव्हता म्हणून मी तीच पुन्हा बसवायला लावली. बोल्ट पूर्ण आवळलेले होते. दारूची गोष्ट खोटी आहे, बहिणीची सही मी प्रेत अडवायची भीती घालून घेतली. शेवटी त्याची सही. खाली बघणारा तो साहेब आणि बायकोला गप्प करणारा, या दोघांना मी आत बोलावलं आणि साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. त्यांनी मान वर न करता केल्या.

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

"चल आता," तो म्हणाला. उभा राहिला होता, लहान मुलासारखा उतावीळ.

मी म्हटलं, "बसते की. संध्याकाळपर्यंत बसते."

"संध्याकाळपर्यंत म्हणजे?"

"माझ्या आत्याला तुम्ही सांगितलं होतं ना, संध्याकाळपर्यंत भाऊ घरी येईल? तसं."

आणि मी निघून आले.

आता तुझं. ५ जानेवारीला रविवार आहे. मी दातिवऱ्याला येते. बाजारातल्या चौकात, सगळ्या आळीसमोर तो कागद वाचायचा. मी नाही वाचणार. तू वाचायचास. तुझ्या सहीची ओळसुद्धा, मोठ्यानं.

दिशा

*

दातिवरे
२३ डिसेंबर

दिशा,

ये. मी वाचीन.

मला ऐकू येत नाय म्हणून आवाज किती मोठा लागला ते कळत नाय. कमी पडला तर हात वर कर.

आत्या

*

बोईसर
९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

महिना झाला. त्या दिवशी मी तुझ्याशी न बोलता बसमध्ये बसले. बोलता आलं नसतं.

तू वाचलंस तेव्हा मला वाटलं होतं माझं समाधान होईल. तू तुझ्या सहीच्या ओळीशी आलीस, तुझा आवाज एकदम इतका वाढला की पोरं दचकली. हात वर करायची वेळच आली नाही. वाचून झाल्यावर कुणी तुझ्या जवळ आलं नाही. तू तशीच मध्ये उभी, कागद धरून. शेजारच्या पुष्पलता काकीनं तर तोंड फिरवलं. मला वाटलं होतं, मला हेच हवंय. मग बसच्या खिडकीतून पाहिलं तर तू अजून तिथंच होतीस. ते मला अजून दिसतं.

मी तुला माफ केलेलं नाही. लिहिते आहे ते दुसरं सांगायला.

तो कागद मी कंपनीच्या ऑफिसात दिला, एक प्रत पालघरला कलेक्टर ऑफिसात दिली. शिक्का मारून घेतला. पुढं काय होईल ते होवो. पण बाबांच्या शाळेतल्या एका मित्रानं मी पाठवलेली प्रत वाचून मला फोन केला आणि नुसता रडला. नऊ वर्षं त्यानं बाबांचं नाव घ्यायचं टाळलं होतं म्हणे.

आणि कृष्णकांत. त्यानं जानेवारीत बोईसरच्या मिथुन मिस्त्रीला बोलावलं. सगळ्या नळ्या काढ आणि नव्यानं टाक, म्हणाला. मिथुननं गाडीखाली दिवा लावून तासभर बघितलं आणि बाहेर येऊन विचारलं, "ये काम किसका है?" म्हाताऱ्यानं सांगितलं. मिथुन म्हणाला, "साहब, इसको मैं हाथ नहीं लगाऊँगा. मुझसे इतना अच्छा नहीं होगा." हे मला मिथुननंच दुकानात येऊन सांगितलं. मी त्याला चहा पाजला.

तरी म्हातारा गाडीत बसत नाही. एवढा अनुभवी मिस्त्री सांगून गेला, तरी नाही. रोज सकाळी शेड उघडतो, इंजिन चालू करतो, पाय ब्रेकवर ठेवून बसतो आणि बंद करतो. दर रविवारी मला फोन येतो. आधी धमक्या द्यायचा, पोलिसात जाईन म्हणायचा. आता तसं बोलत नाही. आजही आला होता.

"पोरी, एकदाच सांग. सगळं ठीक आहे ना? तू काही केलेलं नाहीस ना?"

मी काही बोलले नाही.

"एकदा हो म्हण. मी तुझ्या बापाचं लिहून दिलं ना? आता माझ्याकडे किती दिवस आहेत?"

मी ऐकत राहिले. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मग मी फोन ठेवला.

तुला मात्र सांगते. सगळे जोड पक्के आहेत, आत्या. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. बाबांनी केले असते तसे. त्या उतारावरून तो शंभर वेळा गेला तरी गाडी विहिरीच्या अलीकडे थांबेल.

हे खात्रीनं फक्त तुला आणि मला माहीत आहे. आणि त्याला कुणीही सांगायचं नाही. या वेळी कार्ड टाकू नकोस.

दिशा